पुण्यात शिकायला आलात? पहिल्या सेमिस्टरचा ताण हाताळायची पायरी-पायरीने पद्धत

कॅपच्या (सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) शेवटच्या फेरीत प्रवेश मिळतो, तेव्हा कॉलेज सुरू होऊन बरेच दिवस झालेले असतात. होस्टेलची यादी लागून गेलेली असते. मग आंबेगावात नाहीतर कर्वेनगरात कॉट बेसिसवर जागा शोधायची, एका खोलीत चौघं. मेसची चव नवी, बसचे नंबर नवे, आणि बारावीपर्यंत मराठीत किंवा अर्ध्या मराठीत समजून घेतलेलं गणित आता समोर एम-वन होऊन पूर्ण इंग्रजीत उभं. गावात ‘हुशार’ म्हणून ओळख असलेल्या मुलाला पहिल्या चाचणीत तीसपैकी नऊ मिळतात आणि त्या रात्री त्याला वाटतं, आपली जागा इथे नव्हतीच.

पहिल्या वर्षाच्या मुलामुलींशी बोलणं हा माझ्या कामाचा भाग आहे. त्या बोलण्यातून माझं एक ठाम मत झालं आहे. ‘मन खंबीर कर’ हा सल्ला सगळ्यात शेवटी द्यायचा असतो, आणि बहुतेक वेळा तो द्यावाच लागत नाही. आधी झोप आणि जेवण रुळावर आणायचं, मग अभ्यासाची मांडणी, मग पैसे आणि माणसं. मन त्यांच्यामागून सावरतं. खालच्या पायऱ्या म्हणूनच या क्रमाने दिल्या आहेत. उदाहरणं पुण्यातल्या इंजिनिअरिंगची आहेत, पण नागपूर, संभाजीनगर किंवा मुंबईत बीएस्सी, फार्मसी, नर्सिंग करणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

पायरी १: डोक्यातलं कागदावर उतरवा

‘खूप टेन्शन आलंय’ या वाक्यावर काहीच करता येत नाही, कारण त्यात पाच-सहा वेगळ्या गोष्टी एकत्र गुंतलेल्या असतात. एक कोरा कागद घ्या आणि जे टोचतंय ते सगळं लिहा, लहान-मोठं न बघता. साधारण अशी यादी निघते: ग्राफिक्सच्या चार शीट बाकी. पाच तारखेला भाडं. रूममेट रात्री दोनपर्यंत फोनवर बोलतो. मेकॅनिक्सचं काही कळत नाही. आई रोज विचारते, ‘अभ्यास झाला का?’ वर्गात कुणाशी नीट ओळख नाही. बाबांच्या सोयाबीनला भाव मिळेल की नाही.

आता प्रत्येक ओळीपुढे तीनपैकी एक खूण करा: हे मी या आठवड्यात करू शकतो, यासाठी कुणाला तरी विचारावं लागेल, किंवा हे माझ्या हातात नाही. शीट पहिल्या गटात जातात, रोज संध्याकाळी एक. मेकॅनिक्स आणि भाडं दुसऱ्या गटात. रूममेटही दुसऱ्याच, कारण त्याला अजून कुणी सरळ सांगितलेलंच नसतं. सोयाबीनचा भाव तिसऱ्या गटात. तिसऱ्या गटातल्या गोष्टी लिहून ठेवल्यानेही थोडं हलकं वाटतं, कारण रात्री त्या पुन्हा वर आल्या की ‘ही यादीत आहे, आज हिच्यावर काही करता येत नाही’ असं स्वतःला सांगता येतं.

हा कागद दर रविवारी नव्याने करा. जुनी यादी फेकू नका. महिन्याभराने ती वाचली की किती ओळी आपोआप निकालात निघाल्या ते दिसतं.

पायरी २: झोप

यावर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे, कारण होस्टेलमध्ये पहिला बळी झोपेचा जातो.

अठरा ते पंचवीस वयाच्या माणसाला रात्री साधारण ७ ते ९ तास झोप लागते. होस्टेलात मात्र कमी झोपण्याची फुशारकी मारली जाते, आणि सबमिशनच्या आठवड्यात रात्रभर जागून जर्नल पूर्ण करणं हा तर रिवाजच. झोपेत मेंदू दिवसभर वाचलेलं पक्कं करत असतो. त्यामुळे रात्र जागून केलेला पाठ व्हायवाला आठवत नाही, यात नवल काहीच नाही. शिवाय चार-पाच दिवस अपुरी झोप झाली की चिडचिड होते, छोट्या गोष्टीवर रडू येतं, भूक बिघडते. हे सगळं मुलं ‘माझं डोकं बिघडत चाललंय’ असं समजून सांगतात. पुष्कळदा आठवडाभर नीट झोपल्यावर अर्धी तक्रार मिटते.

काय करायचं ते क्रमाने सांगतो.

उठायची वेळ आधी पक्की करा, झोपायची नंतर. रोज साडेसहाला उठायचं ठरवलं तर रविवारीही फार तर तासभर उशीर. उठायची वेळ स्थिर झाली की काही दिवसांनी रात्री झोप आपोआप वेळेवर यायला लागते. सकाळी उठल्यावर दहा मिनिटं गच्चीवर किंवा रस्त्यावर उजेडात जा.

चहा-कॉफी दुपारी चारनंतर बंद. कॅफिन शरीरातून निम्मं कमी व्हायला साधारण पाच तास लागतात. रात्री नऊला टपरीवर घेतलेल्या कटिंगचा निम्मा परिणाम दोन वाजता अजून शिल्लक असतो. रात्री टपरीवर जायचंच असेल तर मित्रांबरोबर जा, गप्पा मारा, पण चहा टाळा.

फोन कॉटपासून लांब चार्जिंगला लावा. उशीखाली फोन ठेवून ‘मी बघणार नाही’ हा निश्चय कुणालाच झेपत नाही, आणि त्यात तुमचा दोष नाही. ती ॲप माणसाला धरून ठेवण्यासाठीच बनवलेली असतात. गजरासाठी साधं घड्याळ घ्या.

खोलीत चौघं असतील तर दिवा आणि आवाज यावर एकदाच बसून बोला. ‘अकरानंतर मोठा दिवा बंद, फोनवर बोलायचं तर पॅसेजमध्ये’ एवढा नियम पुरतो. हे बोलणं पहिल्या महिन्यात सोपं असतं, तिसऱ्या महिन्यात त्याचं भांडण होतं. रूममेट ऐकतच नसेल तर डोळ्यांवर पट्टी आणि कानात फार्मसीत मिळणारे इअरप्लग, हा स्वस्त उपाय आहे.

दुपारी झोप आली तर वीस-पंचवीस मिनिटं, त्याहून जास्त नको.

पायरी ३: पोटात काय जातंय ते बघा

मेसचं जेवण घरच्यासारखं नसणार हे धरून चला. खरी अडचण दोन ठिकाणी येते: सकाळचा नाश्ता बुडतो आणि रविवारी संध्याकाळी मेस बंद असते. आठच्या लेक्चरला उपाशी गेलेला माणूस अकरापर्यंत चिडका होतो, मग वडापाव खातो, मग दुपारचं जेवण नको वाटतं. खोलीत काही गोष्टी कायम ठेवा. फुटाणे, शेंगदाणे-गूळ, केळी, घरून आलेले डिंकाचे किंवा नाचणीचे लाडू, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट. इंडक्शनला परवानगी असेल तर अंडी उकडता येतात, मटकीला मोड आणता येतात. रविवार संध्याकाळसाठी काय खायचं ते शनिवारीच ठरवा.

आणखी एक गोष्ट, विशेषतः मुलींसाठी. सतत थकवा, धाप लागणं, लक्ष न लागणं, केस गळणं याला ‘टेन्शन’ म्हणून सोडून देऊ नका. हिमोग्लोबिन, व्हिटॅमिन बी-१२ किंवा थायरॉईडची गडबड असली तरी हेच होतं. सरकारी रुग्णालयात किंवा कॉलेजच्या डॉक्टरांना दाखवून एकदा रक्त तपासून घ्या. शरीराच्या कमतरतेवर मनाचे उपाय करत बसलात तर सेमिस्टर वाया जातं.

व्यायामासाठी जिमची फी भरायची गरज नाही. पुण्यात हनुमान टेकडी, वेताळ टेकडी, पर्वती आहेत. सकाळी जा, अंधार पडल्यावर एकट्याने टेकडीवर जाऊ नका. आठवड्यातून चार-पाच वेळा अर्धा तास भराभर चाललं तरी झोप आणि मन दोन्हीत फरक कळतो.

पायरी ४: अभ्यासाचं ओझं सेमिस्टरभर पसरवा

ताण आला की शरीर ॲड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल सोडतं. परीक्षेच्या आधी थोडी धडधड कामाचीच असते, तिच्यामुळे आपण जागे राहतो. त्रास होतो तो ही धडधड आठवडेच्या आठवडे उतरत नाही तेव्हा. इंजिनिअरिंगला ती का उतरत नाही याचं कारण साधं आहे: तीन महिने काहीच नसल्यासारखं वाटतं आणि मग सबमिशन, ओरल, प्रॅक्टिकल, पेपर एकामागोमाग एक कोसळतात.

म्हणून प्रॅक्टिकल ज्या दिवशी झालं त्याच आठवड्यात त्याचं राइट-अप लिहून सही घ्या. एवढी एक सवय लागली तर शेवटच्या पंधरवड्यातला निम्मा गोंधळ टळतो. सीनियरची फाईल उतरवून काढायची पद्धत सगळीकडे आहे, पण उतरवलेलं ओरलला बोलता येत नाही, आणि तिथली भीती लिहायच्या कंटाळ्यापेक्षा मोठी असते.

वाचायची पद्धतही बदला. हर्मन एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं पहिल्या दिवसातच झपाट्याने विसरलं जातं आणि मग विसरण्याचा वेग कमी होतो. उपाय त्यातच आहे: आज शिकलेलं उद्या एकदा, मग चार दिवसांनी, मग पंधरा दिवसांनी. आणि पुन्हा वाचण्याऐवजी पुस्तक मिटून आठवेल तेवढं लिहा. सुरुवातीला काहीच आठवत नाही आणि वाईट वाटतं. तरी चालू ठेवा, आठवायच्या धडपडीनेच ते पक्कं होतं. सोबत मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडवा.

मराठी किंवा सेमी-इंग्रजीतून आला असाल तर शब्दांची वेगळी वही करा. एका बाजूला इंग्रजी शब्द देवनागरीत, दुसऱ्या बाजूला तुमच्या भाषेत अर्थ, गरज पडली तर आकृती. विषय कळत नाही असं वाटतं तेव्हा अडचण बऱ्याचदा चाळीस-पन्नास शब्दांचीच असते. शंका वर्गात विचारायची लाज वाटली तर तास संपल्यावर बाहेर थांबून विचारा. मराठीत विचारा. पुष्कळ शिक्षक मराठीतच उत्तर देतील.

विषय राहिला तर? एटीकेटी म्हणजे विषय राहिला असतानाही पुढच्या वर्गात बसायची मिळालेली परवानगी. ती किती विषयांपर्यंत मिळते, हा नियम तुमच्या विद्यापीठाच्या किंवा स्वायत्त कॉलेजच्या वेबसाइटवर आहे. तो स्वतः वाचा, कट्ट्यावरच्या ऐकीव गोष्टींवर जाऊ नका. एम-वन राहिलेले पुष्कळ जण पुढे वेळेत पदवी घेऊन बाहेर पडतात. वायडी (इयर डाउन, म्हणजे पुढच्या वर्गात न जाता वर्ष वाया जाणं) लागलं तरी ते एक वर्ष असतं. घरी सांगणं कठीण जातं, त्याबद्दल पुढे लिहितो.

पेपर हातात आल्यावर डोकं रिकामं झालं तर पेन खाली ठेवा. मनात चार मोजत श्वास आत घ्या, सहा मोजत सोडा, असं आठ-दहा वेळा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून सोडायचा वेळ जास्त ठेवायचा. मग येत असलेला सगळ्यात लहान प्रश्न आधी लिहा.

पायरी ५: पैशाचं उघडपणे बघा

पैशाची काळजी मुलं सगळ्यात उशिरा सांगतात. हजार-दोन हजारांसाठी महिनाभर झोप उडालेली असते आणि त्यावर उपाय मात्र नोटीस बोर्डावर लागलेला असतो.

महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज ते सुरू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात भरा. उत्पन्नाचा दाखला, जातवैधता, आधारशी जोडलेलं बँक खातं हे गावी असतानाच तयार करून घ्या, कारण सेमिस्टरमध्ये सेतू केंद्राच्या चकरा मारायला वेळ मिळत नाही. होस्टेल न मिळालेल्यांसाठी वेगवेगळ्या योजना आहेत: अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम्, ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. २०२४-२५ पासून वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. यातलं आपल्याला काय लागू होतं ते कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात जाऊन विचारा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात असाल तर ‘कमवा व शिका’ योजनेचीही चौकशी करा.

दोन गोष्टींच्या जवळ जाऊ नका. पाच मिनिटांत कर्ज देणारी ॲप तुमचे फोनमधले संपर्क घेतात आणि वसुलीसाठी घरच्यांना, मित्रांना छळतात. दुसरं, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम. केंद्र सरकारने २०२५ मध्ये कायदा करून त्यांच्यावर बंदी घातली आहे, तरी लिंक फिरत राहतात. यात आधीच अडकला असाल तर नवीन कर्ज काढून जुनं फेडू नका. आजच घरातल्या किंवा कॉलेजातल्या एका मोठ्या माणसाला सांगा. धमक्या येत असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

पायरी ६: माणसं जोडा, आणि घरी खरं सांगा

‘सगळं बरं आहे’ हे वाक्य रोज रात्री फोनवर म्हटलं जातं. आई-बाबांना काळजी नको म्हणून म्हटलं जातं, हे मला कळतं. पण निकालाच्या दिवशी त्यांना सगळं एकदम कळलं तर धक्का मोठा बसतो, आणि तोपर्यंत तुम्ही ते एकट्याने ओढलेलं असतं. थोडं-थोडं सांगत जा. सांगताना अडचण, तुम्ही काय करताय आणि त्यांच्याकडून काय हवंय, हे तीनही सांगा. असं: ‘आई, मेकॅनिक्स अवघड जातंय. मी सरांना भेटलोय, रोज एक तास देतोय. तू फक्त रोज मार्कांचं विचारू नकोस, जेवलास का विचार.’ आई-बाबांना करण्यासारखं काही दिलं की त्यांचीही काळजी आटोक्यात राहते.

नवीन शहरात ओळखी बसून गप्पा मारल्याने होतात त्याहून लवकर एकत्र काम केल्याने होतात. एनएसएसचं सात दिवसांचं निवासी शिबिर, जिमखान्याचा संघ, गणपतीआधी सराव करणारं ढोल-ताशा पथक, पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेची तयारी करणारा कॉलेजचा नाट्यसंघ. अभिनय येत नसला तरी सेट उचलायला, लाइट धरायला, प्रॉम्प्टिंगला माणसं हवीच असतात. लाजाळू मुलांना मी तेच सुचवतो: काम हातात असलं की बोलायला विषय शोधावा लागत नाही. एकच निवडा. सगळीकडे नाव दिलंत तर त्याचाच ताण होईल.

रॅगिंग होत असेल तर सहन करू नका, ‘ओळख करून देणं’ म्हणून त्याला हसू नका. यूजीसीच्या २००९ च्या नियमांनुसार ते दंडनीय आहे. १८००-१८०-५५२२ ही चोवीस तासांची मोफत हेल्पलाइन आहे.

पायरी ७: मदत कधी आणि कुठे घ्यायची

वरचं सगळं करूनही, किंवा करायची ताकदच उरलेली नसताना, दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज उदास वाटत असेल, आवडत्या गोष्टीत रस राहिला नसेल, झोप किंवा भूक पार बदलली असेल, वर्गात जाणं अशक्य झालं असेल, तर तज्ज्ञांना भेटायची वेळ आली आहे. जगायला नको असा विचार एकदाही आला असेल तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी बोलायचं.

सुरुवात कॉलेजच्या समुपदेशकापासून करता येते. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं आहे. कॉलेजात कुणी नसेल तर तशी लेखी मागणी करा. पहिल्या भेटीत काय होतं? घरचं, झोपेचं, अभ्यासाचं विचारतात, तुम्ही बोलता, ते ऐकतात. जिवाला धोका असल्याशिवाय तुमचं बोलणं ते बाहेर सांगत नाहीत. तरी सुरुवातीलाच तसं विचारून घ्या. समुपदेशक गोळ्या देत नाहीत. गोळ्या मानसोपचारतज्ज्ञ देतात, ते एमबीबीएसनंतर त्या विषयात शिकलेले डॉक्टर असतात. गोळ्या सुरू झाल्या तर बरं वाटताच स्वतःहून बंद करायच्या नाहीत.

फोनवर बोलायचं तर १४४१६. ही केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, मोफत, मराठीतही. पुण्यात ससून या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे. अशी प्रादेशिक रुग्णालयं ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीतही आहेत. तिथे जाऊन, तपासून, गोळ्या घेऊन त्याच दिवशी खोलीवर परतता येतं. ‘येरवडा’ म्हटलं की चेष्टा करायची सवय आपल्याकडे जुनी आहे. तुमच्या खोलीत ती होत असेल तर थांबवा, कारण ऐकणाऱ्यांपैकी कुणाला तरी तिथे जायची गरज असू शकते.

शेवटचं तुमच्या रूममेटबद्दल. तो जेवायला येईनासा झाला, वस्तू वाटून टाकू लागला, ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास’ असं बोलू लागला तर सरळ विचारा: ‘तुझ्या मनात मरायचे विचार येतात का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायची वाट मिळते. ‘कुणाला सांगू नकोस’ म्हणाला तर तसं वचन देऊ नका. सल्ले कमी, ऐकणं जास्त. धोका वाटला तर त्याला एकटं सोडू नका, वॉर्डनला उठवा, घरी फोन करा, १४४१६ किंवा ११२ हा आपत्कालीन नंबर लावा. पोलिसांची भीती वाटत असेल तर हे माहीत असू द्या: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं धरलं जातं आणि तिला उपचार मिळणं ही सरकारची जबाबदारी आहे.

दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर दवाखान्यात जा. ओपीडीचा केसपेपर सकाळी निघतो, रांग असते, म्हणून लवकर निघा. ओळखपत्र, आधीची काही औषधं असतील तर त्यांची चिठ्ठी, पाण्याची बाटली आणि खायला काहीतरी बरोबर घ्या. डॉक्टरांकडे त्याला एकट्याने आत जायचं असेल तर जाऊ द्या, तुम्ही बाहेर थांबा.